अंतर ठरवण्याचा हक्क सोडू नका

पावसाळा तोंडावर आला की सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींत एक सल्ला सर्रास ऐकू येतो. गटातला कुणी नवा मुलगा किंवा मुलगी पहिला कॅमेरा घ्यायचा विचार बोलून दाखवते, की जुनी मंडळी सांगतात, ‘लेन्स बदलायच्या कॅमेऱ्याच्या फंदात पडू नकोस. तो जड, महाग आणि पावसाला भिणारा. ॲक्शन कॅमेरा घे, छातीवर लाव आणि चालायला लाग. उरलेलं मोबाइल बघून घेईल.’ हा सल्ला देणारी माणसं डोंगर जाणतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. त्यामुळे नवखे तो डोळे झाकून मानतात, आणि म्हणूनच तो खोडून काढणं गरजेचं आहे. ज्याला चित्र घ्यायला शिकायचं आहे, त्याने पहिला आणि एकमेव कॅमेरा म्हणून ॲक्शन कॅमेरा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडतो. ॲक्शन कॅमेऱ्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असतं. वेगळं कवच न लावताही आजचे बहुतेक ॲक्शन कॅमेरे दहा मीटर खोल पाण्यात चालतात. हात मोकळे राहतात. २०१८ मध्ये ‘गोप्रो हीरो ७ ब्लॅक’ आला तेव्हापासून या कॅमेऱ्यांतलं चित्र स्थिर ठेवण्याचं तंत्र इतकं सुधारलं आहे, की धावतानाचं चित्रणही सरकत्या पाळण्यावरून घेतल्यासारखं दिसतं. फोरके हा त्यांचा किमान दर्जा झाला आहे. शिवाय फोकस, ॲपर्चर, लेन्स यांपैकी कशाचीच चिंता करावी लागत नाही. यातला एकही मुद्दा खोटा नाही. मात्र हे सगळे मुद्दे कॅमेरा कुठे आणि कसा टिकेल याबद्दलचे आहेत. त्या कॅमेऱ्याला काय दिसेल, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

हे यंत्र कशासाठी जन्माला आलं ते पाहिलं की गोष्ट स्पष्ट होते. निक वूडमन हा अमेरिकी तरुण २००२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या किनाऱ्यांवर सर्फिंग करत होता. लाटेवर स्वार असलेल्या माणसाला स्वतःचं छायाचित्र घेता यावं म्हणून मनगटाला बांधायचा कॅमेरा करण्याची कल्पना त्याला तिथे सुचली. २००४ मध्ये बाजारात आलेला पहिला ‘हीरो’ ३५ मि.मी. फिल्मवर चालायचा. माणूस स्वतः घटनेच्या आत आहे, त्याचे हात गुंतलेले आहेत आणि पाहण्यासारखं सगळं हाताच्या अंतरावर घडतंय, अशा प्रसंगासाठी हे यंत्र घडवलं गेलं. त्याची अतिरुंद लेन्स, कायमचा फोकस आणि एकच ठरलेलं ॲपर्चर ही सगळी त्या एका अंतराची उत्तरं आहेत. त्या अंतरावर त्याच्या तोडीचं दुसरं यंत्र नाही. पण डोंगरात आपण जे पाहायला जातो, त्यातलं फार थोडं हाताच्या अंतरावर असतं.

आता आकडे पाहू. ॲक्शन कॅमेऱ्याची लेन्स फुल-फ्रेमच्या हिशेबाने साधारण १६ मि.मी.च्या तोडीची असते. वीस मीटरवर बुलबुलाएवढा, म्हणजे वीसेक सेंटिमीटरचा पक्षी बसला आहे असं धरा. त्या अंतरावर या लेन्सच्या चौकटीत सुमारे ४५ मीटर रुंदीचा परिसर मावतो. ५.३के चित्रणाची रुंदी ५३१२ पिक्सेल. त्यात तो पक्षी ढोबळमानाने पंचवीसेक पिक्सेलचा होतो. तोच पक्षी २४ मेगापिक्सेलच्या साध्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३०० मि.मी.ची लेन्स लावून टिपला, तर साडेसातशेहून जास्त पिक्सेल व्यापतो. पंचवीस पिक्सेलात पक्षी ओळखताही येत नाही, साडेसातशेमध्ये पिसांची ठेवण कळते. कितीही ‘के’ वाढवले तरी ही तफावत भरून निघत नाही, कारण तिचं मूळ काचेत आहे.

पक्षी नको असेल तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर चला. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात इथे इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे आणि तेव्हापासून त्याच्या ओढीने माणसं कड्यावर येतात. दरीत ढग, पाठीशी सूर्य आणि समोर ढगावर आपल्याच सावलीभोवतीचं रंगीत वर्तुळ. एवढ्या अफाट देखाव्याला रुंद लेन्सच हवी, असं कुणालाही वाटेल. पण हे वर्तुळ आकाशात जेमतेम पाच ते वीस अंशांचं असतं. दहा अंशांचं इंद्रवज्र अतिरुंद लेन्समध्ये चौकटीच्या रुंदीच्या बाराव्या-तेराव्या भागाएवढं उरतं. फुल-फ्रेमवरची ८५ मि.मी.ची लेन्स त्यालाच रुंदीचा चाळीस टक्के भाग देते. डोळ्यांपुढे साक्षात उभं असलेलं दृश्य घरी आल्यावर चित्रात हरवलेलं का वाटतं, याचं कारण हे आहे. डोळा पाहताना निवड करतो, आणि ती निवड चित्रात उतरवण्याचं साधन म्हणजे लेन्स.

खाली, पायाजवळ पाहिलं तरी हिशेब तोच. कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात. फूल सेंटिमीटरभराचं किंवा त्याहूनही लहान. बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांत फूटभराच्या आतलं चित्र धूसर होतं. फूटभरावरून ते फूल चौकटीच्या रुंदीच्या साठाव्या भागाहूनही लहान दिसतं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट लेन्स ५५ मि.मी.वर नेऊन तिच्या किमान अंतरावर धरली, तर तेच फूल रुंदीचा सातवा-आठवा भाग व्यापतं. मॅक्रो लेन्स असेल तर ते रुंदीचा जवळपास निम्मा भाग व्यापतं. एकाच कॅमेऱ्याने सकाळी फूल, दुपारी गिधाड आणि रात्री काजवे टिपता येतात ते लेन्स बदलते म्हणून.

काजव्यांचं नाव निघालंच आहे, तर प्रकाशाचा हिशेबही मांडू. मे संपता संपता भंडारदऱ्याच्या रानात काजवे पाहायला झुंबड उडते. काजवा किंवा तारा हा प्रकाशाचा बिंदू असतो, आणि बिंदूचा किती प्रकाश आत येणार हे लेन्सच्या छिद्राच्या खऱ्या व्यासावर ठरतं. ॲक्शन कॅमेऱ्याची लेन्स आकाराने इतकी लहान असते, की एफ/२.८ असूनही तिचं छिद्र एक ते दीड मिलिमीटरचं भरतं. २४ मि.मी. एफ/१.८ लेन्सचं छिद्र तेरा मिलिमीटरहून मोठं. क्षेत्रफळ काढलं तर किमान पाऊणशे पट प्रकाश. रात्रीसाठी वेगळा मोड दिला म्हणून हे गणित बदलत नाही. आत न आलेला प्रकाश कोणतंही सॉफ्टवेअर निर्माण करू शकत नाही, ते फक्त अंदाज बांधतं.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथे मंद उजेडात भिंतीवरचे रंग टिपायचे असतात. एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ ३६६ चौरस मि.मी.च्या आसपास. बरीच वर्षं ॲक्शन कॅमेऱ्यांत जो सेन्सर होता तो २८ चौरस मि.मी.चा, आणि आजचे मोठ्या सेन्सरचे ॲक्शन कॅमेरे सत्तरच्या आसपास पोचतात. त्यात एफ/१.८ आणि एफ/२.८ यांतला जवळपास अडीचपटीचा फरक मिळवा. म्हणजे एक जुनी, स्वस्त ५० मि.मी.ची लेन्स तितक्याच वेळात सेन्सरवर दहा-बारा ते तीस पट प्रकाश आणते. स्थिर चित्रणाच्या ज्या तंत्राचं एवढं कौतुक होतं, तेही अंधारात लंगडं पडतं. ते एका चौकटीची दुसरीशी जुळणी करतं. पण उजेड कमी म्हणून शटर मंदावलं आणि प्रत्येक चौकट आतूनच हलली, तर जुळवणार काय? अशा चित्रणात हलकासा थरथरणारा धुरकटपणा दिसतो तो यामुळेच.

‘व्हिडिओ घ्यावा आणि त्यातून हवा तो फोटो काढावा’ हा युक्तिवादही इथेच मोडतो. फोरकेची एक चौकट सुमारे ८३ लाख पिक्सेलची असते, संख्या वाईट नाही. पण व्हिडिओ नैसर्गिक दिसावा म्हणून शटर साधारण १/५० सेकंदाच्या आसपास ठेवतात. त्या वेगाने उडणारा पक्षी, उडी मारणारं माकड, धबधब्याचा तुषार सगळं ओघळलेलं येतं. व्हिडिओची गरज आणि छायाचित्राची गरज इथे एकमेकींच्या विरुद्ध आहेत. दोन्ही हवं असेल तर शटर आपल्या हातात असावं लागतं.

पावसाचा मुद्दा विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर लेन्सला बुरशी धरते, धो धो पावसात लेन्स बदलता येत नाही, आणि ओल्या कॅमेऱ्याची दुरुस्ती खिशाला परवडत नाही. हे सगळं खरं. पण पावसात कॅमेरा टिकणं आणि पावसात चित्र टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिरुंद लहान लेन्सच्या काचेवर पडलेला एक थेंबही चौकटीचा मोठा भाग व्यापतो आणि चित्रात ठसठशीत डाग होऊन बसतो. लांब लेन्सच्या खोल हूडमागे तोच थेंब पुष्कळदा जाणवतही नाही. बाकी उपाय जुने आणि स्वस्त आहेत. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, सॅकमध्ये सुका पंचा, घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल, आणि कुठली लेन्स लागणार हे पायथ्याशीच ठरवून ती लावून निघणं. हा शेवटचा उपाय तर शिक्षणच आहे. आज आपण काय पाहायला निघालो आहोत, हे तो घरातून निघतानाच विचारायला लावतो.

वजनाचं भय वाढवून सांगितलं जातं. लहान मिररलेस कॅमेरा किट लेन्ससकट पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे फरक साडेतीनशे ग्रॅमचा. त्याच सॅकमध्ये आपण दोन-तीन लिटर पाणी, म्हणजे दोन-तीन किलो वजन, बिनतक्रार वाहतो. टेलिफोटो घेतली की वजन वाढतं हे मान्य. पण ती रोज न्यायची सक्ती नाही. लेन्स घरी ठेवण्याची मुभा असणं आणि लेन्स मुळात नसणं यांत फार मोठा फरक आहे.

किमतीचंही तसंच. नव्या, चांगल्या ॲक्शन कॅमेऱ्याच्या पैशात वापरलेला डीएसएलआर, किट लेन्स आणि ५० मि.मी. एफ/१.८ एवढा संच बहुतेक वेळा बसतो. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा आपापल्या शहरातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत फिरून पाहावं. आणि हे पैसे जास्त काळ टिकतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा. त्यासाठी केलेल्या कितीतरी जुन्या लेन्स पन्नास वर्षांनंतर आलेल्या डिजिटल बॉडीवरही चढल्या. कॅननने १९८७ मध्ये आणलेल्या ईएफ माउंटच्या लेन्स २०१८ मध्ये आलेल्या आरएफ माउंटवर अडॅप्टर लावून चालतात. बॉडी जुनी होते, लेन्स पुढच्या बॉडीवर जाते. ॲक्शन कॅमेऱ्यात सेन्सर जुना झाला की लेन्सही त्याच्याबरोबर निकालात निघते. विद्यार्थ्याला काटकसर शिकवायची असेल, तर ती इथे आहे.

‘उरलेलं मोबाइल बघून घेईल’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच मोबाइलची पाठ पाहावी. तिथे दोन-तीन लेन्स का बसवल्या आहेत? एका लेन्सवर भागत नाही, म्हणून. आणि खुद्द गोप्रोने २०२४ च्या ‘हीरो १३ ब्लॅक’साठी मॅक्रो, अतिरुंद आणि ॲनामॉर्फिक अशा वेगवेगळ्या लेन्स आणल्या. कुठली लावली आहे हे कॅमेरा आपोआप ओळखतो. कंपन्या भावुक नसतात, मागणी ओळखतात. ज्या यंत्राचा सगळा अभिमान एका लेन्सवर उभा होता, त्यालाही काच बदलण्याची सोय द्यावी लागली. लेन्स बदलायचे दिवस संपले असं सांगणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर काय असेल?

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. ज्याच्याकडे एकच अतिरुंद लेन्स आहे, त्याला चित्र मोठं करण्याचा एकच मार्ग उरतो : जवळ जाणं. हिवाळ्यात कड्याच्या कपारीत गिधाडांची घरटी असतात. वानरी पिलाला पोटाशी धरून बसलेली असते. गावच्या जत्रेत एखादी म्हातारी डोळे मिटून हात जोडते. पठारावर फुलांचा गालिचा पायवाटेपासून चार पावलांवर सुरू होतो. या प्रत्येक ठिकाणी जवळ जाणं म्हणजे काहीतरी मोडणं आहे. घरटं उठतं, वानरी बिथरते, प्रार्थना तुटते, फुलं तुडवली जातात. कड्याच्या टोकाचं तर बोलायलाच नको. अतिरुंद लेन्समध्ये दरी दूर आणि सपाट दिसते. ती भेदक दिसावी म्हणून माणूस आणखी एक पाऊल पुढे टाकतो, आणि पावसाळ्यात ते पाऊल शेवाळावर पडतं. लांब लेन्सवाला प्रत्येक जण सभ्य असतो असा माझा दावा नाही. पण दूर उभं राहून पाहण्याची शक्यता तरी त्याच्या हातात असते. निसर्गात आणि माणसांत योग्य अंतर राखणं हा शिष्टाचार आहे, आणि तो पाळता येईल असं साधन नवख्याच्या हाती देणं ही जाणत्यांची जबाबदारी आहे.

याला नोंदीची बाजूही आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. दर शनिवार-रविवारी हजारो तरुण या आणि इतर गडांवर जातात. त्यांनी ढासळता बुरूज, दरवाजावरचं शिल्प, देवळातला शिलालेख नीट टिपला, तर दहा वर्षांनी तीच छायाचित्रं दुरुस्तीच्या आणि अभ्यासाच्या कामी येतील. पण रुंद लेन्स सरळ तटाला बाक आणते, शिल्पाचं प्रमाण बिघडवते, आणि शिलालेखाचं अक्षर वाचता येईल इतकं मोठं करू शकत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळापाशी हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. ते वाचता येईल असं टिपायचं, तर साधी ५० मि.मी.ची लेन्स, दगडाला समांतर धरलेला कॅमेरा आणि तिरप्या उन्हाची वाट पाहण्याचा धीर लागतो. छातीवर बांधलेला कॅमेरा गडावरून चालत गेलेल्या माणसाची नोंद ठेवतो. गडाची नोंद ठेवायला वेगळं साधन लागतं.

ॲक्शन कॅमेऱ्याची जागा मी नाकारत नाही. मालवणच्या समुद्रात बुडी मारायची असेल, घळीत दोरावरून उतरायचं असेल, कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग करायचं असेल, सायकल डोंगरावरून खाली सोडायची असेल, गोविंदांच्या थरात खांद्यावर भार घेऊन उभं राहायचं असेल, तर तोच घ्या. तिथे हात मोकळे असणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि मोठा कॅमेरा अडचण ठरतो. कलेच्या पातळीवरही या यंत्राने मोठं काम केलं आहे. लुसिएं कास्टांग-टेलर आणि वेरेना पारावेल यांचा २०१२ चा ‘लेव्हायथन’ हा माहितीपट अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डहून निघणाऱ्या मासेमारी जहाजावर बव्हंशी अशाच लहान कॅमेऱ्यांनी चित्रित झाला. मच्छीमारांच्या अंगावर आणि काठीच्या टोकाला लावलेले कॅमेरे पाण्यात, माशांच्या ढिगात शिरले. तो परिणाम दुसऱ्या कशाने साधला नसता. पण त्या दिग्दर्शकांना रुंद, जवळची, धडपडती नजर हवी होती आणि तिच्यासाठी त्यांनी हे साधन निवडलं. निवडीचा हक्क असलेल्याने रुंद लेन्स घेणं वेगळं आणि दुसरं काही माहीतच नसताना तिच्यावर अडकणं वेगळं.

म्हणून सल्ला देणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. तुला जे टिपायचं आहे ते किती लांब आहे? तिथे उजेड किती आहे? आणि त्या वेळी तुझे हात कशात गुंतलेले असतील? हात दोरावर, हँडलवर किंवा पाण्यात असतील, तर ॲक्शन कॅमेरा सुचवा. हात मोकळे असतील, नजर कड्यावरच्या गिधाडापासून पायाजवळच्या फुलापर्यंत फिरणार असेल, तर वापरलेला का होईना, लेन्स बदलणारा कॅमेरा सुचवा. सोबत किट लेन्स आणि ५० मि.मी. एवढं पुरेसं आहे. पहिलं वर्षभर तो चुकेल, फोकस हुकेल, चुकीची लेन्स घेऊन गड चढेल. पण कुठे उभं राहायचं, काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्याचं त्याला ठरवावं लागेल. छायाचित्रण म्हणतात ते हेच. सोयीच्या नावाखाली नवख्याकडून ते काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.